सांकेतिक अंकांची मक्तेदारी

गेल्या मे महिन्यात आमच्या रत्नागिरीतील गल्लीत शौचटाकी उपसण्यासाठी आलेली गाडी अर्ध्या कामात अडून बसली. इंजिन सुरू होते. पंप मात्र फिरेना. चालकासमोरच्या पडद्यावर एक सांकेतिक अंक लुकलुकत होता. त्याचा अर्थ ना चालकाला ठाऊक, ना नाक्यावरच्या अनुभवी मिस्त्रीला. तो उलगडणारे यंत्र अधिकृत केंद्रात, आंबा घाटापलीकडे कोल्हापुरात! तेव्हा मुकादम सहज म्हणाला, "एकाला खाली उतरवू." आम्ही शेजाऱ्यांनी ते होऊ दिले नाही.

वस्तुतः त्या अंकात गूढ काही नव्हते. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून पंपाकडे वळविणाऱ्या जोडणीस पीटीओ म्हणतात. गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, इंजिनाचा वेग मर्यादेत आहे, अशा खुणा मिळाल्यावाचून गाडीतील संगणक ती जोडू देत नाही. एखादी खूण चुकली की तो अंक नोंदवितो. अंक केवळ बिघडलेल्या मंडलाकडे बोट दाखवितो. त्यातील फ्यूज, अर्थिंग, कनेक्टर, स्विच क्रमाने तपासून दोष माणसालाच शोधावा लागतो. नुसता अंक पुसल्यास तो पुन्हा उमटतो. दोन दिवसांनी दोष सापडला, तो हँडब्रेकच्या स्विचपाशी खाऱ्या हवेने गंजलेल्या कनेक्टरमध्ये.

संरक्षक साधनांवाचून माणूस टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. परंतु यंत्र बंद पडताच त्याची जागा माणसाने घ्यावी, ही वृत्ती भरपाईने जात नाही.

वस्तू विकूनही तिच्या दुरुस्तीचे ज्ञान स्वतःपाशी राखणे, ही मक्तेदारीच होय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटारींच्या दुरुस्तीचा हक्क कौल देऊन मिळविला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबरला पोर्टल उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपरिषदेत तीन मागण्या लावून धराव्यात. गाडीच्या निविदेतच संकेतपुस्तिका, वायरिंगचा आराखडा आणि अंक वाचणारे यंत्र देण्याची अट असावी. स्थानिक मिस्त्री व आयटीआयचे विद्यार्थी यांना त्याचे शिक्षण मिळावे. आणि पंप थांबला की काम थांबावे. कोणीही खाली उतरू नये. पहिल्या दोन मागण्यांना पैसा लागेल. तिसरीला केवळ माणुसकी पुरेशी आहे.