दिवा प्रखर, रस्ता अंधारात

१ एप्रिल २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबरच पेटतो. ‘अहो, लाइट चालू आहे’ असे भरदुपारी खुणावणारे हितचिंतक तेव्हा चौकाचौकांत भेटत. दुचाकी इतरांना दिसावी, हा त्या नियमाचा हेतू होता. स्वाराला रस्ता दिसावा, हे काम मात्र बाजारावर सोडले गेले.

अनेक साध्या मोटारसायकलींत ३५ वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. अंधाऱ्या महामार्गावर तो अपुरा पडतो, ही तक्रार रास्तच आहे. पण त्या जागी बसवला जाणारा स्वस्त एलईडी बल्ब रोगापेक्षा भयंकर ठरतो. दिव्यामागचा आरसा हॅलोजनच्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम किंचित सरकला तरी झोत विस्कटतो. चाकापुढचा पट्टा लखलखतो, दूरचा खड्डा अंधारातच राहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. कारखान्यातूनच एलईडी घेऊन येणाऱ्या दुचाकींची गोष्ट वेगळी. त्यांचा आरसा त्याच दिव्यासाठी असतो. क्रॅशगार्डवरच्या जादा दिव्यांचे तोंड तरी कितीजण खाली वळवून घेतात? मागे माणूस बसला की मागची स्प्रिंग दबते व झोत आणखी वर जातो, हेही लक्षात घेतले जात नाही.

खासगी दुचाकीच्या धुराची तपासणी ठरावीक मुदतीने होते. नोंदणीच्या पहिल्या पंधरा वर्षांत झोताच्या उंचीची तशी तपासणी बंधनकारक नाही. वास्तविक पीयूसी केंद्रातील एक भिंत आणि तिच्यावर आखलेली रेघ एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे.