वही कोरी आहे, म्हणून मूल मागे आहे का?

"डॉक्टर, हा लिहितच नाही हो. शेजारची त्याच्याच वर्गातली मुलगी शंभरपर्यंत आकडे काढते आणि ह्याला अजून साधा ए जमत नाही. काही टॉनिक द्या ना." दिवाळीपूर्वी पहिल्या चाचणीचा निकाल हातात पडला की हे वाक्य दवाखान्यात ऐकू यायला लागते. मुलाचे वय बहुतेक वेळा साडेतीन ते पाचच्या मधले असते. आईच्या हातात वही असते. वडील पाताळगंगा एमआयडीसीत शिफ्टला असतात, म्हणून संध्याकाळचा अभ्यास घेण्याची सगळी जबाबदारी आईवर असते आणि रोज रात्री त्या घरात रडारड होते.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. चार वर्षांच्या मुलाला लिहिता न येणे हा आजार नाही, आळस नाही आणि बुद्धी कमी असल्याची खूणही नाही. त्यावर टॉनिक नाही आणि ट्यूशनचीही गरज नाही. पण या वयात काळजी करण्यासारख्या काही गोष्टी खरोखरच असतात. आपण सगळी काळजी वहीवर खर्च करतो आणि नेमक्या त्या गोष्टी नजरेतून सुटतात.

आधी लिहिण्याचे बघू. पेन्सिल धरून अक्षर काढायचे तर खांदा स्थिर हवा, मनगट वळायला हवे, अंगठा आणि दोन बोटांनी चिमूट धरता यायला हवी, डोळ्यांनी पाहिलेला आकार हाताने उतरवता यायला हवा. हे सगळे क्रमाने येते. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढते. चौथ्या वर्षाच्या सुमारास अधिकचे चिन्ह, म्हणजे आडवी आणि उभी रेघ एकमेकींना छेदून काढते. चौकोन साडेचारच्या आसपास जमतो. तिरप्या रेघा सर्वांत उशिरा येतात, त्यामुळे त्रिकोण पाच वर्षांच्या पुढेच. यात काही महिने मागेपुढे होणारच.

आता इंग्रजीचे पहिले अक्षर डोळ्यांसमोर आणा. 'ए' म्हणजे वर जुळणाऱ्या दोन तिरप्या रेघा आणि मध्ये एक आडवी, म्हणजे जवळजवळ त्रिकोणच. तो आपण नर्सरीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलाकडून मागतो. आपला 'अ' तर त्याहून कठीण. दोन वळणे, मधला दांडा, कडेचा काना, वर शिरोरेषा. वर्णमालेत पहिले म्हणून काढायला सोपे, असे काही नसते. ज्या मुलाला अजून चौकोनाचे कोपरे जमत नाहीत, त्याच्याकडून पानभर 'अ' गिरवून घेण्याने हात तयार होत नाही, फक्त वहीचा तिटकारा तयार होतो. तो पुढे पहिली-दुसरीपर्यंत पुरतो.

(व्हॉट्सअॅपवर मनगटाच्या एक्स-रेचा एक फोटो फिरत असतो: लहान मुलाच्या मनगटात हाडेच नसतात, म्हणून त्याला लिहिता येत नाही. अर्धेच खरे आहे. मोठ्यांच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात आणि चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये त्यांतली निम्म्याच्या आसपास दिसतात. पण बाकीची हाडे कूर्चेच्या रूपात तिथे असतातच. अडचण मुख्यतः हाडांची नसते, स्नायूंची ताकद आणि मेंदूचे त्यांच्यावरचे नियंत्रण यांची असते. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचे.)

मग शाळा एवढ्या लवकर का लिहायला लावतात? सगळा दोष शाळेवर टाकणे मला पटत नाही. फी भरणारे आपण महिन्याच्या शेवटी वही उघडून बघतो. मूल दिवसभर मातीत खेळले, गोष्ट ऐकली, मणी ओवले, याची नोंद वहीत दिसत नाही. "शाळेत काहीच शिकवत नाहीत" असे चार पालक म्हणाले की टीचरना पाने भरून घ्यावीच लागतात. सरकारी धोरण मात्र याच्या उलट आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षे हा पायाभूत टप्पा एकच मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. पहिलीचे वय सहा. आणि पहिलीत घेताना मुलाची परीक्षा घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, त्यामुळे "आत्ता नाही शिकला तर पुढे अॅडमिशन मिळणार नाही" ही भीती मनातून काढून टाका.

ही कल्पना परदेशातून आलेली नवी टूमही नाही. आपल्याच राज्यात ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी ते कोसबाडला वारली पाड्यांत नेले. महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. आधी हात, डोळे, कान आणि बोलणे, अक्षरे नंतर. ज्या अंगणवाडीकडे आज आपल्यापैकी कित्येक जण "तिथे फक्त खिचडी मिळते" म्हणून नाक मुरडतात, तिचे मूळ या कामात आहे.

घरी काय कराल? स्वयंपाकघरात जा. आपल्या रायगडात बिरड्याचे वाल सोलायला बसणे हा बोटांचा इतका चांगला व्यायाम आहे की मी तो चिठ्ठीवर लिहून द्यायला तयार आहे. मोड आलेला, भिजून मऊ झालेला वाल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबायचा, की डाळिंबी टुपकन बाहेर. पेन्सिलला हीच चिमूट लागते. कणकेचा गोळा मळू द्या, छोटी पोळी लाटू द्या, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू द्या. गणपतीच्या आधी पेणहून येणारी शाडूची माती थोडी मुलाच्याही वाट्याला येऊ द्या. पाटीवर खडू द्या, पण खडूचा तुकडा लहान ठेवा. लांब खडू मुठीत धरता येतो, तुकडा बोटांनीच धरावा लागतो. एक सूचना डॉक्टर म्हणून: वाल, मटार, मणी देताना शेजारी बसा. बी नाकात घातलेली मुले दरवर्षी येतात. ती आत भिजून फुगते आणि काढणे अवघड होते. घशात गेली तर जिवावर बेतते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला या वस्तू देऊच नका.

आणि एखादे चार वर्षांचे मूल आपणहून अक्षरे काढत असेल तर? काढू द्या की. हौसेला बंदी नाही. माझा विरोध हात धरून, ओरडून, फटका मारून काढून घेण्याला आहे. अक्षर उलटे येणे, बी आणि डी यांची अदलाबदल, तीनचा आकडा आरशातल्यासारखा, हे सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसते. डावरेपणाही बदलायला जाऊ नका. "जेवायच्या हाताने लिही" म्हणून पेन्सिल उजव्या हातात कोंबण्याने नुकसानच होते.

आता काळजीच्या गोष्टी. त्यांत पहिला क्रमांक मी कानाला देतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने लहान मुलांची सर्दी हटत नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या काही मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठून राहते. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून घरात कळत नाही. पण मुलाला पाण्याखाली बुडी मारल्यावर ऐकू येते तसे ऐकू येते. घरी जवळून बोलल्यावर कळते, चाळीस मुलांच्या वर्गात टीचरचे अर्धे शब्द निसटतात. मग शेरा येतो, "लक्ष देत नाही, ऐकत नाही." तो शेरा कधी कधी शब्दशः खरा असतो! टीव्हीचा आवाज वाढवणारे, हाक मारल्यावर वळून न बघणारे, तोंड उघडे ठेवून घोरणारे, बोलणे अस्पष्ट असलेले मूल असेल तर कानाची तपासणी करून घ्या. यावर उपचार आहेत.

दुसरे, बोलणे. लिहिण्याची घाई आणि बोलण्याबाबत मात्र "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" अशी ढिलाई, हे मला उलटे वाटते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला कळत नसेल, ते दुसऱ्या मुलांत मिसळत नसेल, नजर देत नसेल, तर थांबू नका. येणारी भाषा किंवा कौशल्य नाहीसे होऊ लागले तर त्याच आठवड्यात या. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, म्हणून मूल मुके राहिले असे होत नाही. मात्र मोबाइलसमोर तासन्‌तास बसलेल्या मुलाशी बोलणारे कोणी उरत नाही. या वयात दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे, रोजचा कोटा नव्हे.

डोळे: पुस्तक नाकाशी धरणे, मान वाकडी करून बघणे, तिरळेपणा. एक डोळा आळशी होत असेल तर उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तरच चांगला उपयोग होतो. आणि रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली 6 ते 59 महिन्यांची 68.9 टक्के मुले रक्तक्षय असलेली आढळली. म्हणजे दहातली जवळजवळ सात. लोह कमी असलेले मूल लवकर थकते, चिडचिडे होते, एका जागी लक्ष ठरत नाही, माती खाते. सकाळी चहा-बिस्कीट देऊन शाळेत पाठवलेल्या अशा मुलाकडून आपण एबीसीडी मागतो. चहा बंद करा, तो लोह शोषू देत नाही. अंगणवाडीत मिळणारे लोहाचे सिरप "काळी शी होते" म्हणून फेकू नका.

आणखी एक खूण, विरळ पण महत्त्वाची: मुलगा सारखा पडतो, जिना चढताना दमतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो, पोटऱ्या फुगीर दिसतात. हा स्नायूंचा आजार असू शकतो. त्याला लगेच दाखवा.

"डिस्लेक्सिया तर नसेल ना?" हा प्रश्नही येतो. 'तारे जमीन पर' 2007 मध्ये आला तेव्हापासून तो शब्द घरोघरी पोहोचला, हे चांगलेच झाले. पण त्या सिनेमातला मुलगा आठ-नऊ वर्षांचा होता. वाचायला पुरेशी संधी मिळाल्यावरही वाचन जमत नाही, हे ठरवायला आधी ती संधी मिळालेली असावी लागते. त्यामुळे हे निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास पक्के करता येते. चार वर्षांच्या मुलावर कोणी तो शिक्का मारत असेल तर विश्वास ठेवू नका. घरात आधी कोणाला असा त्रास असेल तर मात्र लक्ष ठेवा आणि मला सांगा.

तपासणीचा खर्च परवडेल का, ही शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. ऐकणे, दिसणे, बोलणे, वाढ हे सगळे तिथे मोफत बघतात आणि गरज पडल्यास पुढे पाठवतात. आपल्या भागातल्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि त्यांच्या मुलांची ही तपासणी हुकते. तुमच्या ओळखीत असे कुटुंब असेल तर निघण्याआधी मूल दाखवून घ्यायला सांगा. खासगी शाळेत जाणारे मूल असले तरी जवळच्या अंगणवाडी ताईंना पथकाची तारीख विचारायला काहीच हरकत नाही.

माझ्याकडे येताना शाळेची वही नाही आणली तरी चालेल. लसीकरणाचे कार्ड आणा, मुलाने मनाने काढलेले एखादे चित्र आणा, मग ते नुसते गिरगोटे असले तरी चालतील. आणि मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ: मूल दुसऱ्या मुलांबरोबर खेळताना, बोलताना, जिना चढताना. दवाखान्यात सुईच्या भीतीने ते गप्प बसते, त्यामुळे मला त्या व्हिडिओतून जास्त कळते.