लेकरू सोबत आणणाऱ्या बाईचा पगार

हुडकेश्वरच्या एका शिक्षिका भगिनीने यावेळी प्रश्न पाठवला आहे. दहा महिन्यांचं बाळ सांभाळायला बाई मिळाली, पण ती आपली दोन वर्षांची मुलगी सोबत आणणार. सासरे म्हणतात, मग पगार अर्धा; तिचं पाळणाघर आपणच झालो ना! आपा, हे बरोबर आहे का?

नाही. हिशोबच चुकीच्या टोकाकडून मांडलाय.

मुलगी सोबत नसती तर याच कामाचे तुम्ही किती दिले असते, ते आधी ठरवा. मानेवाडा, म्हाळगीनगर, पिपळा रोड, इकडच्या तीन-चार घरांत विचारा. फक्त मालकिणींना नाही, काम करणाऱ्या बायांनाही विचारा. दोघींचे आकडे वेगळे येतात. समजा 9,000 ठरले. रोज सात तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 182 तास. तासाला साधारण 49 रुपये. पगार अर्धा केला की तासाला पंचवीसही पडत नाहीत. तुमचं बाळ मात्र सातही तास सांभाळलं जाणार आहे.

आता मुलीमुळे कामात खरंच काय कमी होईल? दोन्ही लेकरं एकदम रडली तर एकाला थांबावं लागेल, आणि बहुतेक ते तिचंच असेल. आई कामावर असली की आधी मालकिणीचं बाळ उचलते, हे मी किती घरांत पाहिलंय. बाळ झोपल्यावर कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं ही वरची कामं मात्र होणार नाहीत. मग ती सांगू नका, आणि त्यांचे जे पाचशे-हजार होतात ते तिच्याशी बोलून कमी करा. एवढं रास्त आहे. पण तिचे पाळणाघराचे पैसे वाचले म्हणून कापायचे, हे पटत नाही. तिची सोय झाली, त्यात तुमच्या खिशातून काय गेलं? पोरीला दिलेलं कपभर दूध आणि पोळी पगारात मोजू नका. ते मोजणारं घर मला तरी आवडत नाही.

ती मुलीला ठेवणार कुठे, हेही बघा. अंगणवाडीचा वर्ग तीन वर्षांनंतर, तोही थोड्या तासांचा. 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते, पण आपल्या घरात काम करणारी एकटीच. तिला तो कायदा पोहोचत नाही. राज्याचा घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. त्यात 18 ते 60 वयाच्या बायांची नोंदणी होते, योजना मिळतात. 2021 च्या निर्बंधांत नोंदणी असलेल्यांसाठी सरकारने 1,500 रुपये जाहीर केले होते. पगार मात्र तो कायदा ठरवत नाही. आपल्या नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या विदर्भ मोलकरीण संघटनेने या बायांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तरी घराच्या आतला आकडा शेवटी आपणच ठरवतो.

सीरतमध्ये हज़रत हलीमा सादिया (रज़ि.) यांचा किस्सा आपण सगळ्यांनी ऐकलाय. दुष्काळाच्या वर्षी त्या मक्केत आल्या तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःचं दूधपितं बाळ होतं. सोबतच्या बायांनी यतीम मूल घ्यायला का-कू केली, ती मेहनताना कोण देणार या काळजीने. म्हणजे मोबदल्याची बोलणी त्या काळीही मोकळेपणाने व्हायची, आणि कडेवर आपलं लेकरू असणं ही त्यात कमीपणाची गोष्ट नव्हती. सूरह बकरामध्येही दुसरीकडून दूध पाजून घ्यायचं तर ठरलेलं रीतीप्रमाणे चुकतं करा, असंच सांगितलंय.

भगिनी स्वतः शिक्षिका आहेत, म्हणून एक जास्तीचं. मे महिन्यात तुम्ही घरी असाल, बाळ तुमच्याजवळ असेल, आणि घरात कुणीतरी म्हणेलच की बाईला सुट्टी द्या, पगार वाचेल. तुमचा मे महिन्याचा पगार येतो ना? तिच्या घरचं रेशन आणि खोलीचं भाडं मे महिन्यात थांबत नाही. निदान अर्धा पगार तरी द्या, आणि तो किती हे आजच बोलून घ्या, एप्रिलच्या शेवटी नाही.

आजारपणाचंही आधीच ठरवा. तिच्या मुलीला ताप आला तर तिने यायचं नाही; तुमच्या बाळाला लागण नको, म्हणजे ही सुट्टी तुमच्याही फायद्याची आहे, तिचे पैसे कापू नका. महिन्याला अशा दोन भरपगारी सुट्ट्या धरा. तुमच्या बाळाला ताप आला तर त्या दिवशी मुलीला आजीकडे ठेवता येईल का, हे तिला विचारा. येत नसेल तर तुमच्यापैकी एकाने रजा घ्यायची. हे सगळं एका वहीत मराठीत लिहा, तिला वाचून दाखवा आणि पगाराची तारीख वर मोठ्या अक्षरात टाका.