ऊन सगळ्यांचे, अनुदान छपरावाल्यांचे

सूर्याला जात नाही. तो गावठाणातल्या वाड्यावर जेवढा तापतो, तेवढाच बौद्धवाड्यातल्या पत्र्यावर तापतो. पत्र्याखाली राहणाऱ्याला विचाराल तर तिथे तो जरा जास्तच तापतो. पण या उन्हापासून वीज करण्यासाठी सरकार जे पैसे देते, ते माणसाला मिळत नाहीत. ते छपराला मिळतात. आणि या देशात छपराला जात आहे.

केंद्र सरकारने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजने'ला मंजुरी दिली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये, असा तिचा पसारा. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्याला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज मोफत, असा तिचा गाजावाजा आहे. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. "ही योजना अमक्या पक्षाची, आपण तिच्या वाटेला जायचे नाही," असे आपले काही तरुण म्हणतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. हा पैसा कुठल्या पक्षाचा नाही. काडेपेटीपासून मोबाईल रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या जनतेचा आहे, आणि त्यात आपल्या मायबापांच्या घामाचाही वाटा आहे. ज्यांच्या घराला स्लॅब आहे, मीटर नावावर आहे, त्यांनी अर्ज केलाच पाहिजे. माझा आक्षेप अनुदान देण्याला नाही. ते ज्या दारातून वाटले जाते, त्या दाराच्या उंचीला आहे.

या योजनेचा लाभ घ्यायला काय लागते? स्वतःचे घर लागते. पॅनेल पेलेल असे छत लागते. अधिकृत वीजजोडणी लागते. ऐकायला तीन साध्या अटी. आता या अटी घेऊन आपल्या वस्तीत एक फेरी मारू.

पहिली अट, स्वतःचे घर. महाराष्ट्रात आपली कितीतरी कुटुंबे गायरानावर राहतात. ती हौसेने तिथे गेली नाहीत. गावाने जमीन दिली नाही, म्हणून गेली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले, ते याच जमिनीसाठी. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. कागदावर ठरले. आजही गावोगाव माणसे नोंदीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत. ज्याच्या घराला उद्या अतिक्रमणाची नोटीस येऊ शकते, तो पंचवीस वर्षे चालणारी पॅनेल कुठल्या भरवशावर बसवणार?

दुसरी अट, छत. कुडाच्या भिंती, वर लाकडी वाशांवर टाकलेला जुना पत्रा आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड. या छपरावर पॅनेल बसत नाही. मग ज्यांना घरकुल मिळाले, त्यांचे काय? घरकुलाचे क्षेत्रफळ साधारण २६९ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर. एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते, असा सरकारी यंत्रणेचाच ढोबळ हिशोब आहे. म्हणजे पूर्ण ७८,००० रुपये मिळवायला जेवढे छत लागते, तेवढे छत सरकारने गरिबाला दिलेल्या घरालाच नाही! नव्या पॅनेलला याहून कमी जागा पुरते, हे खरे. पण त्याच स्लॅबवर पाण्याची टाकी असते, वाळवण असते, उन्हाळ्यात अख्खे घर तिथेच झोपते. गरिबाचे छत हे रिकामे छत नसते.

तिसरी अट, जोडणी. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही. तीन भावांच्या तीन चुली आणि मीटर एक. शहरात तर आपला माणूस भाड्याच्या खोलीत. मालकाने आतून सबमीटर टाकलेला, आणि तो सांगेल त्या दराने युनिटचे पैसे द्यायचे. हा भाडेकरू या योजनेच्या खिजगणतीत नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत गेला, तर गच्ची सोसायटीची. सोसायट्यांनाही अनुदान आहे, किलोवॅटला १८,००० रुपये; पण ते लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक सोयींसाठी. घरातल्या बिलाला त्याने हात लागत नाही.

या तिन्ही अटी पार केल्या तरी शेवटी पैशाचा उंबरठा आहेच. अनुदान पॅनेल बसवून, तपासणी होऊन, यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात येते. कंत्राटदाराची रक्कम आधी उभी करावी लागते. विनातारण कर्जाची सोय आहे, पण ती बँकेच्या दारातून. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला बँक कर्ज देताना काय काय विचारते, हे बचत गट चालवणाऱ्या आपल्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा.

आता फायद्याचा हिशोब मांडू. एक किलोवॅटची यंत्रणा दिवसाला साधारण चार युनिट वीज देते. तीन किलोवॅटची महिन्याला तीनशेच्या वर जाते. तीनशे युनिट कोण जाळतो? ज्याच्या घरी एसी आहे, गिझर आहे, मोठा फ्रिज आहे. दोन-तीन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही एवढ्यावर भागणारे घर शंभराच्या आतच राहते. शंभरच्या आतला दर सर्वांत कमी, वरच्या टप्प्यांचा दर चढत जाणारा. म्हणजे वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे बंगलेवाल्याचे जास्त पैसे वाचतात आणि झोपडीवाल्याचे कमी. अनुदानही त्याला मोठे, बचतही त्यालाच मोठी. शिवाय 'मोफत वीज' म्हटले तरी स्थिर आकार सुटत नाही, हे बिल हातात आल्यावर कळते.

महाराष्ट्र सरकारला हे अगदीच दिसले नाही, असे नाही. २०२५ मध्ये राज्याने 'स्मार्ट' नावाची पूरक योजना आणली. एक किलोवॅटच्या यंत्रणेचा खर्च ५०,००० रुपये धरला, तर केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० रुपये देते. त्याला भरावे लागतात २,५००. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला राज्याचे १५,००० मिळतात, त्याने भरायचे ५,०००. इतरांनी १०,०००. पाच लाख ग्राहक आणि ६५५ कोटींची तरतूद. चांगले पाऊल आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणायला आपण कचरत नाही. पण घर, छत आणि जोडणी या तीन अटी इथेही तशाच उभ्या आहेत. दारिद्र्यरेषेच्या यादीचा गोंधळ तर जगजाहीर आहे. जो खरा गरीब तो यादीबाहेर, आणि यादीतल्याच्या दारात ट्रॅक्टर, हे चित्र कुठल्या गावात नाही? पाच लाखांत आपल्या वस्तीतली किती घरे बसली, हे कुणी मोजते आहे का?

यात आणखी एक धोका आहे, ज्याची चर्चा होत नाही. कमी वीज वापरणाऱ्याचा दर खाली ठेवता येतो, कारण जास्त वापरणारे चढा दर भरतात. तेच मोठे ग्राहक अनुदान घेऊन स्वतःची वीज करू लागले, तर वीज कंपनीची वसुली घटते. खांब, तारा, रोहित्रे, कर्मचारी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. ही तूट सरकारने भरली नाही, तर ती कुणाच्या बिलावर चढेल? ज्याला पॅनेल बसवता आले नाही, त्याच्याच. याचा अर्थ सौरऊर्जा नको असा नाही. जे सूर्याच्या वाटेला लागले, त्यांच्या प्रवासाचे भाडे मागे राहिलेल्यांकडून वसूल करू नका, एवढाच.

वीज हा आपल्या चळवळीचा विषय आहे का, असे काहींना वाटेल. त्यांनी बाबासाहेबांचे मजूरमंत्री म्हणून केलेले काम वाचावे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी थेट मुळाला हात घातला. वीज खाजगी मालकीची असावी की राज्याच्या, हा प्रश्न त्यांनी विचारला. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योग उभे राहिल्याशिवाय हा देश दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. वीज कुणाच्या मालकीची आणि कुणासाठी, हे त्यांच्यापुढचे प्रश्न होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे लिहिले, तेही याच विचारातून.

त्या कसोटीवर आजची योजना लावून पाहा. ज्याच्याकडे मालमत्ता आहे, त्याला आणखी एक मालमत्ता घ्यायला सरकारी मदत. ज्याच्याकडे नाही, त्याला शुभेच्छा. संविधानाचे कलम ३८ राज्याला उत्पन्नातली, सोयीसुविधांतली आणि संधींतली विषमता कमी करायला सांगते. कलम ४६ दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या आर्थिक हितांची खास काळजी घ्यायला सांगते. योजना जातीचे नावही न घेता विषमता वाढवू शकते. फक्त अटी अशा ठेवायच्या की त्या पिढीजात मालकांनाच पुऱ्या करता येतील.

मग आपली मागणी काय? अनुदान छपराला न देता कुटुंबाला द्या. ज्याला छप्पर नाही, त्याचा वाटा सामूहिक छतावर बसवा. ही स्वप्नाळू गोष्ट नाही. एका जागी बसवलेल्या पॅनेलची वीज अनेक घरांच्या बिलांत वळती करण्याची पद्धत आहे. तिला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत २०१९ पासून तिचे नियम आहेत. सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही या पद्धतीला अनुदान चालते. जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत, ग्रामपंचायतीचे कार्यालय, समाजमंदिर, वस्तीलगतची सरकारी मोकळी जागा इथे पॅनेल बसवा आणि वस्तीतल्या प्रत्येक मीटरला त्याचा हिस्सा द्या. भाडेकरूलाही द्या, कारण बिल तोच भरतो. वीज कंपनीने स्वतः गुंतवणूक करून घरांवर पॅनेल बसवण्याचा पर्यायही केंद्राच्या सूचनांत आहे. तो आधी बंगल्यांच्या कॉलनीत न नेता आपल्या वस्त्यांत राबवा, म्हणजे आधी पैसे भरण्याचा प्रश्नच उरणार नाही.

गायरानावरची घरे नियमित करा, कारण त्याशिवाय कुठलीच योजना त्या दारापर्यंत पोहोचत नाही. रमाई आवासच्या घराचा आराखडा करतानाच पॅनेलचा विचार करा. लाभार्थ्यांची आकडेवारी प्रवर्गनिहाय आणि तालुकानिहाय जाहीर करा. आणि रोजगाराचे काय? पॅनेल बसवणारे, दुरुस्त करणारे हात लाखोंनी लागणार आहेत. आपल्या पोरांनी फक्त उन्हात पॅनेल वाहायची आणि कंत्राट मात्र दुसऱ्याने घ्यायचे, ही जुनीच गोष्ट नव्या धंद्यात पुन्हा घडू द्यायची नाही. बार्टीने आणि महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळाने प्रशिक्षण, भांडवल आणि पुरवठादार म्हणून नोंदणी, या तिन्हींची जबाबदारी घ्यावी.

मागण्या करून थांबायचे नाही. एका रविवारी आपल्या वस्तीची यादी करा. किती घरांना स्लॅब आहे, किती पत्र्याची, मीटर कुणाच्या नावावर, महिन्याला किती युनिट, भाडेकरू किती, गायरानावर किती. दोन वह्या भरतील, पण तेवढ्यावरून कळेल की कोण आज अर्ज करू शकतो आणि कोण का करू शकत नाही. जे पात्र आहेत, त्यांचे अर्ज सरकारी पोर्टलवरून भरून द्या. 'अनुदान मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला वस्तीत पाय ठेवू देऊ नका. मीटरची नावे बदलून घ्या. जे पात्र नाहीत, त्यांची यादी ग्रामसभेत वाचा, ठराव घ्या. माहिती अधिकारात वीज कंपनीला विचारा, आपल्या तालुक्यात 'स्मार्ट'चे अनुसूचित जातीचे लाभार्थी किती? उत्तर येईल, किंवा उत्तर नाही हे तरी कळेल. दोन्ही आपल्या कामाचे.

चवदार तळ्याचे पाणीही सगळ्यांचेच होते. महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव करून ठेवला होता, तरी पाण्यापर्यंत जायला १९२७ साली बाबासाहेबांबरोबर चालावे लागले. ठराव आणि ओंजळ यांच्यात जे अंतर असते, ते कुणी आपल्यासाठी कापून देत नाही. आज ऊन डोक्यावर आहे, पैसा आपल्या करातला आहे, योजना कागदावर आहे. मुदत मात्र फार उरलेली नाही. यादी करायला घ्या.

जय भीम!