शिडाआधी जाकीट

गावातील हौशी मंडळींनी वर्गणी काढून शिडाच्या होड्यांचा क्लब चालवावा, हे आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. पण ओळखीच्या माणसाला टोकायचे कसे, या भिडेपोटी शिस्त ढिली पडता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख लोक बुडून दगावले. माझे स्पष्ट मत असे, की पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जीवरक्षक जाकिटाचे पट्टे आवळल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू नये. स्वयंसेवकांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकून घ्यावा. बुडालेल्याचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नका. श्वास थांबला असल्यास आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. प्राणवायूविना मेंदूला ४-५ मिनिटांत इजा होऊ लागते. नवी होडी पुढच्या वर्षी घ्या. हे प्रशिक्षण मात्र आधी.