अंधाराची भीती आणि फौजी

पंचेचाळिशी उलटली, अंगावर वर्दी चढून पंचवीस वर्षं झाली, तरी सुट्टीत गावी गेलो की परसातला दिवा मालवून घरात येताना माझी पावलं आजही भरभर पडतात. मागे कोणी नाही हे पक्कं ठाऊक असतं. तरी वळून बघत नाही. लहानपणी आजीनं सांगितलेला पिंपळावरचा मुंजा आणि वाट चुकवणारा चकवा अजून पाठ सोडत नाहीत.

हे लिहायला बरीच वर्षं लागली. फौजी आणि अंधाराला घाबरतो? लोक हसतील. पण माझ्या मते भीतीपेक्षा हे हसणंच जास्त धोक्याचं आहे.

पूर्व सिक्कीममधल्या पोस्टवरची गोष्ट. चंदगडकडचा एक नवा पोरगा रात्रीच्या संत्री ड्युटीवर होता. सकाळी म्हणाला, "साहेब, स्टोअरच्या मागे कोणीतरी चालल्यासारखं वाटत होतं." झालं! दोन दिवस लंगरमध्ये "काय रे, आज भूत भेटलं का?" हेच चाललं. हसणाऱ्यांत मीही होतो. तिसऱ्या रात्री स्टोअरमागचा बर्फ घसरला आणि मागचा मोर्चा अर्धा बुजला. नशीब, आत कोणी नव्हतं. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुला आवाज आला नाही?"

"आला होता साहेब. बराच वेळ करकरत होतं. पण पुन्हा सगळे हसतील म्हणून बोललो नाही."

चूक त्याची नव्हती, आमची होती.

खरं तर रात्री डोळे फसवतात, हे आपल्याला ट्रेनिंगमध्येच शिकवतात. डोळे अंधाराला पुरते सरावायला साधारण ३० मिनिटं लागतात. कमी उजेडात बुबुळासमोरचं नीट दिसत नाही, म्हणून वस्तूच्या किंचित बाजूला बघायचं. दूरच्या एकाच दिव्याकडे टक लावली तर तो हलतोय असं वाटतं. झुडूप माणसासारखं दिसतं ते असंच. त्यात थंडी, उंची आणि अपुरी झोप. मग घाबरणारा भेकड कसा? त्याचं शरीर पहारा देत असतं, फक्त जरा जास्तच.

नाथू ला भागात नोकरी केलेल्यांना बाबा हरभजन सिंग यांचं मंदिर माहीत आहे. पंजाब रेजिमेंटचे हे शिपाई १९६८ साली तिथेच गेले. त्यांची वर्दी, बूट, अंथरूण आजही नीट ठेवलं जातं. ड्युटीवर डुलकी लागली तर बाबा थप्पड मारतात, अशी जवानांची श्रद्धा आहे. ती खरी की खोटी, या वादात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की त्या एकाकी डोंगरात जवानांनी अंधारातल्या अनोळखी चाहुलीला आपल्याच एका सोबत्याचं नाव दिलं. भीती गेली नसेल, पण ती एकट्याची राहिली नाही.

म्हणून माझं सांगणं सोपं आहे. पोस्टवर कोणी "काहीतरी हललं" म्हणाला, तर आधी जाऊन बघा. काही निघालं नाही तरी "बरं केलंस सांगितलंस" एवढं म्हणा. घरात नातवंडं रात्री एकटी जायला घाबरत असतील, तर "फौजीच्या घरातलं पोर आणि घाबरतं?" असं म्हणू नका. हात धरून सोबत जा. आणि जेवत नाही म्हणून बागुलबुवा तर मुळीच बोलावू नका; तो एकदा आला की पन्नाशीपर्यंत जात नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

रिटायर झालेल्या भावांना एक वेगळी गोष्ट. जुने प्रसंग रोज रात्री दचकवून उठवत असतील, झोपच लागत नसेल, तर तो बागुलबुवा नव्हे. तिथं लाज न धरता डॉक्टरांकडे जा.

त्या पोराची मी माफी मागितली होती, सगळ्यांसमोर. त्यानंतर त्या पोस्टवर रात्रीचे रिपोर्ट वाढले. बहुतेक वेळा काहीच नसायचं. पण आम्ही दर वेळी जाऊन बघायचो.

जय हिंद.