आपाची झोप आणि इफ्तारचा चहा

मागच्या रमजानमध्ये तरावीहनंतर घरी आलो की आपा पलंगावर पाय चोळत बसलेली दिसायची. "पाय शिवशिवतात रे, उठून फिरलं की बरं वाटतं," म्हणायची. सहरीसाठी साडेतीनला उठायचं आणि झोप बारापर्यंत नाही. रोजा, त्यात दिवसभर चुलीपुढे, थकली असेल, असं आम्ही धरून चाललो. ईद झाली तरी पाय थांबेनात, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन बरं होतं, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला.

मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. ते कमी पडलं तर संध्याकाळनंतर पायांत अशी बेचैनी सुरू होऊ शकते आणि झोप उडते. प्रत्येकाच्या जागरणामागे लोहच असतं असं नव्हे. पण आपल्याकडे ती शंकासुद्धा कोणी घेत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. पाळी आणि बाळंतपण यांची भरपाई बाईच्या ताटातून होत नाही, हे उघड आहे. पुरुषाचं लोह घटलं असेल तर मात्र आधी मूळव्याध, पोटातला व्रण असा कुठे रक्तस्राव होतोय का ते तपासावं. मनाने गोळ्या कोणीच घेऊ नयेत, जादा लोहही घातकच.

खजुराने रक्त वाढतं, असं आम्ही मोठ्या विश्वासाने सांगतो. शंभर ग्रॅम खजुरात लोह साधारण एक मिलिग्रॅम. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं, असं आपली पोषण संस्था सांगते. खजूर सुन्नत म्हणून जरूर खावा, औषध म्हणून नव्हे. उपवासाच्या साबुदाण्याचीही तीच गत, हे शेजारच्या काकूंनी हसत कबूल केलं. त्यांनीच मग अळिवाचे लाडू पाठवले. अळिवात लोह भरपूर.

खरा घोळ चहाचा. इफ्तारच्या घासाबरोबर कडक चहा घेतला की अन्नातलं लोह फारसं अंगी लागत नाही. तो तासाभराने घ्यावा, आणि मसूर-चण्यावर लिंबू पिळावं. मांसातलं लोह अधिक सहज शोषलं जातं. पण आमच्या घरांत कलेजीची वाटी आधी पुरुषांपुढे जाते, मग मुलांपुढे.

यंदा पहिल्याच रोज्याला मी ती वाटी आपापुढे सरकवली. तिने परत ढकलली. "पहले बच्चों को दो."